व्हेवेमधली हजामत : मॉरिस फ्रँक आणि बडी

दृष्टिहीन मुलांना मी चालायला शिकवते. असं सरळ सांगितलं की लोक दचकतात, म्हणून कागदावर ‘ओरिएंटेशन अँड मोबिलिटी’ असं भारदस्त लिहायचं. आमच्यात नुसतं ‘ओ अँड एम’. या कामासाठी तयार होणाऱ्या नव्या शिक्षकांपुढे मी दरवर्षी एक प्रकरण मांडते. ते जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचं आहे, अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये सुरू होतं आणि स्वित्झर्लंडच्या एका डोंगरावर वळण घेतं. त्यात कुत्री आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाकडेच मार्गदर्शक कुत्रा नाही, पुढच्या पाच वर्षांत येईल असंही वाटत नाही. तरी मांडते. का, ते वाचता वाचता कळेल.

माणूस

मॉरिस फ्रँक १९०८ साली जन्मला. सहा वर्षांचा असताना घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागली आणि उजवा डोळा गेला. सोळाव्या वर्षी मित्राशी बॉक्सिंग खेळताना डावा गेला. आई आधीपासून दृष्टिहीन होती, म्हणजे घरात अंधत्व नवं नव्हतं. पोरगा खात्यापित्या घरचा, बोलका, थोडा हट्टी. व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकत होता आणि जोडीला विमा विकत होता. विमा विकायचा म्हणजे दारोदार हिंडणं आलं. त्यासाठी त्याने पैसे देऊन एक मुलगा ठेवला होता, हात धरून नेण्यासाठी. मुलगा कंटाळायचा, त्याचं लक्ष भलतीकडेच असायचं, कधी कधी तो याला मध्येच सोडून निघूनही जायचा.

प्रशिक्षणार्थींना मी इथे थांबवते आणि विचारते, याची अडचण काय? उत्तर ठरलेलं असतं : ‘दिसत नाही.’ मग मी त्यांना हजामतीचं सांगते. मॉरिसला केस कापायचे असले की घरातलं कुणी तरी कामावर जाताना त्याला न्हाव्याच्या दुकानात सोडायचं. केस कापून व्हायला लागत असेल अर्धा तास. त्यानंतर न्यायला कुणी येईपर्यंत हा तिथेच बसून राहायचा. वीस वर्षांचा कमावता तरुण, खुर्चीत, दुसऱ्याची कामं आटोपायची वाट पाहत.

आमच्या कामात ही गोष्ट फार लवकर कळते. न दिसण्याची सवय माणूस करून घेतो. अंगात भिनून त्याला खात जातं ते हे बसून राहणं. घरचे प्रेमळ असले तर जास्तच, कारण मग चिडायचीही सोय नसते. माझ्याकडे येणारी बारावीची एक मुलगी म्हणाली होती, “मॅम, मला बाहेर जायचं असलं की आधी आईचा मूड बघावा लागतो.” आई चांगली आहे तिची. तरीही.

पत्र

५ नोव्हेंबर १९२७ च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये डोरोथी हॅरिसन युस्टिस यांचा एक लेख आला. या बाई मूळच्या फिलाडेल्फियाच्या, राहायच्या स्वित्झर्लंडमध्ये. व्हेवे गावाच्या वर, माँ पेलरँ नावाच्या डोंगरावर ‘फॉर्च्युनेट फील्ड्स’ नावाची त्यांची जागा होती आणि तिथे त्या जर्मन शेफर्ड, म्हणजे आपण ज्यांना अल्सेशियन म्हणतो ते कुत्रे, पोलिसांच्या आणि सैन्याच्या कामासाठी तयार करायच्या. लेख मात्र त्यांच्या स्वतःच्या कामावर नव्हता. जर्मनीत पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी कुत्रे शिकवायला सुरुवात झाली होती. ओल्डेनबुर्गला १९१६ मध्ये अशी पहिली शाळा निघाली, पुढे पोट्सडॅमलाही एक मोठी शाळा झाली. बाईंनी पोट्सडॅमची शाळा पाहिली आणि जे पाहिलं ते लिहिलं.

मॉरिसच्या वडिलांनी तो लेख त्याला वाचून दाखवला. त्याने चार दिवसांत बाईंना पत्र धाडलं. आशय असा : माझ्यासारख्या हजारोंना दुसऱ्यावर अवलंबून राहणं नकोसं झालंय, तुम्ही मला शिकवा, मी कुत्रा घेऊन परत येईन आणि आंधळा माणूस आपल्या जोरावर कसा वावरतो हे इथल्या लोकांना दाखवून देईन.

हे पत्र मला आवडतं ते त्यातल्या सौद्यामुळे. त्याने मदत मागितली नाही, व्यवहार मांडला. विमा विकणाऱ्याचं पत्र आहे ते.

बाईंकडे तेव्हा आंधळ्यांसाठी कुत्रे तयार करण्याची काहीच व्यवस्था नव्हती. पत्र आल्यावर त्यांचा मुख्य प्रशिक्षक जॅक हम्फ्री याने जर्मन पद्धत शिकून घेतली आणि त्या पद्धतीने कुत्री तयार केली. मागणी आधी आली, सोय मागून झाली.

पार्सल

१९२८ च्या एप्रिलमध्ये मॉरिस युरोपला निघाला. एकटा आंधळा माणूस बोटीने पाठवायचा कसा, हा प्रश्न पडला आणि उत्तरही तसंच निघालं : पाठवणी एका कंपनीच्या हवाली झाली, जवळपास मालासारखी. बोटीवर एक माणूस त्याला ठरलेल्या वेळी डेकवर फिरवून आणायचा आणि रात्री केबिनला बाहेरून कुलूप लावायचा.

प्रशिक्षणार्थी इथे ‘अरेरे’ म्हणतात. मी म्हणते, परवाच आपल्या एका विद्यार्थ्याबरोबर मी रिक्षात बसले तेव्हा काय झालं ते आठवा. रिक्षावाल्याने आरशात माझ्याकडे बघून विचारलं, “यांना कुठं सोडायचं?” मुलगा एकोणीस वर्षांचा, शेजारी बसलेला, कान ठणठणीत.

पाच आठवडे

या प्रकरणाचा जीव इथे आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

जी कुत्री त्याच्या हाती दिली तिचं नाव होतं ‘किस’. भर रस्त्यात, चारचौघांत एका तरुण माणसाने हे नाव मोठ्याने घेऊन हाक मारायची, या कल्पनेनेच मॉरिसला कानकोंडं झालं. त्याने तिथल्या तिथे नाव बदलून ‘बडी’ केलं. दोस्त.

मार्गदर्शक कुत्र्याबद्दल बहुतेकांची समजूत अशी असते की कुत्रा माणसाला नेतो. पोस्ट ऑफिस म्हटलं की पोस्टात, बाजार म्हटलं की बाजारात. तसं नसतं. पोस्ट ऑफिस कुठे आहे हे माणसाला ठाऊक असावं लागतं. किती चौक, कुठे वळायचं, हा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. तो ‘फॉरवर्ड’, ‘लेफ्ट’, ‘राइट’ असं सांगतो. कुत्र्याकडे असते ती पुढची चार पावलं. कुत्रा माणसाच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे चालतो. त्याच्या अंगावर चामड्याचा साज आणि त्याला कडक दांडा. तो दांडा माणसाच्या डाव्या हातात. कुत्रा फुटपाथच्या कडेला थांबतो, म्हणजे माणसाला कळतं की इथे पायरी आहे, रस्ता आला. वाटेतला खांब, खड्डा, उभी सायकल यांना तो वळसा घालतो, आणि वळसा घालताना एकट्याची रुंदी मोजून चालत नाही. दोघं निघतील एवढी जागा बघावी लागते, शिवाय उंची माणसाची. स्वतः ज्या फांदीखालून सहज गेला असता ती फांदी त्याने टाळायची असते. कुत्र्याला शिकवायला सगळ्यात अवघड हेच, कारण त्यात त्याचा स्वतःचा काहीच संबंध नसतो.

सिग्नलचा लाल-हिरवा कुत्रा ओळखत नाही. रहदारीचा अंदाज माणूस कानांनी घेतो आणि ‘फॉरवर्ड’ म्हणतो. त्याचा अंदाज चुकला आणि गाडी येत असली, तर कुत्रा हलत नाही. हुकूम पाळायचा हे शिकवून झाल्यावर कोणता हुकूम मोडायचा हेही शिकवलेलं असतं. मॉरिसचा पुढचा एक प्रसंग आहे. हॉटेलात लिफ्टचं दार उघडलं असं समजून त्याने बडीला पुढे चल म्हटलं, ती जागची हलेना, आडवी उभी राहिली. दार उघडं होतं. आत लिफ्ट नव्हती.

म्हणजे कामाची वाटणी स्वच्छ आहे : कुठे जायचं ते माणसाचं, पाऊल टाकावं की नाही ते कुत्र्याचं. या वाटणीत कुत्रा लवकर पारंगत होतो. वेळ लागतो तो माणसाला, कारण त्याला हातातून काही तरी सोडायचं असतं. पहिले दिवस मॉरिस आपटत राहिला. बडी उजवीकडे सरकली की हा सरळच जायचा आणि खांबावर धडकायचा. दांड्यातून तिने कळवलेलं असायचं, याच्या हाताने ऐकलेलं नसायचं. प्रशिक्षक मागून चालायचा, पण प्रत्येक वेळी ‘सांभाळ’ म्हणायचा नाही. हे न बोलणं आमच्या धंद्यातलं सगळ्यात कठीण कौशल्य आहे. काठी शिकवताना मुलाचा गुडघा बाकड्याला लागणार हे मला दोन सेकंद आधी दिसत असतं. तोंड उघडलं की मुलगा काठीऐवजी माझ्या आवाजावर चालायला लागतो. लागू द्यायचा गुडघा. (अर्थात बाकड्याला. धावत्या बसला नव्हे.)

बडीला मजुरी काय? खाऊ नाही. शाबासकी. बरोबर थांबली की लगेच, त्याच क्षणी, मनापासून. उशिरा दिलेली शाबासकी कुत्र्याच्या लेखी दिलीच नाही अशी. ज्याला आयुष्यभर इतरांनीच ‘शाब्बास’ म्हटलं, त्या पोराला आता दुसऱ्या कुणाला तरी दिवसातून शंभरदा ‘शाब्बास’ म्हणायचं होतं. मला वाटतं, त्याच्या चालण्यात जो फरक पडला त्यात याचा वाटा मोठा असावा. कुणाची तरी जबाबदारी त्याच्यावर आली होती. खायला घालणं, बाहेर नेणं, केस विंचरणं, सगळं त्याचं त्याने करायचं.

आणि मग हजामत. एके दिवशी त्याने केस कापून घ्यायचे आहेत असं म्हटलं, सवयीप्रमाणे, म्हणजे कुणी तरी नेईल या हिशेबाने. उत्तर आलं : बडी आहे की, जा. डोंगरावरून खाली व्हेवेला जायला दोरखंडावरची छोटी रेल्वे होती, आजही आहे. तिथून पुढे गावातले रस्ते. तो गेला, केस कापले, परत आला. परतताना त्याला हसू आवरेना. कितीतरी वर्षांनी तो न्हाव्याच्या दुकानातून काम झाल्या झाल्या उठला होता.

प्रशिक्षणार्थींना मी सांगते की बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही हजामत लक्षात ठेवा. तुमच्या विद्यार्थ्याची ‘हजामत’ कोणती ते आधी शोधा. एकाला देवळात जायचं असतं, एकीला मैत्रिणीकडे, एकाला फक्त कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत, एकट्याला, चहा प्यायला. अभ्यासक्रमात टपरी नसते.

वेस्ट स्ट्रीट

११ जून १९२८ ला तो न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. वार्ताहर जमले होते. कुत्री आंधळ्याला रस्ता पार करून नेते यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी गोदीलगतचा वेस्ट स्ट्रीट दाखवला आणि म्हटलं, हा ओलांडून दाखव. मालाच्या गाड्या, ट्रक, भोंगे, रुंदच्या रुंद रस्ता. वर्तमानपत्रातल्या सगळ्या कथांत हा प्रसंग शौर्याचा असतो. मॉरिसने स्वतः सांगितलेलं मात्र वेगळं आहे, आणि जास्त कामाचं. रस्त्यात उतरल्यावर आवाजांच्या त्या गदारोळात त्याची दिशा पार हरवली. डोक्यातला नकाशा पुसला गेला. त्याने फक्त दांडा धरून ठेवला. बडी थांबत, मागे सरत, पुन्हा पुढे जात पलीकडे पोचली. त्याने तिला मिठी मारली. मग डोरोथी युस्टिस यांना तार केली. एकच शब्द : ‘सक्सेस’.

आमच्या चर्चेत कुणी तरी हमखास विचारतं की मग ‘कुठे जायचं ते माणसाचं’ या तत्त्वाचं काय झालं? प्रश्न रास्त आहे. रस्ता ओलांडण्याच्या त्या तीन मिनिटांत वाटणी मोडलीच. मला वाटतं भागीदारीत असं होतंच, एकाचं भान सुटलं की दुसऱ्याने ओढून न्यायचं. पण एका वार्ताहराच्या पैजेखातर अनोळखी शहरात पहिल्याच दिवशी असा रस्ता ओलांडणं हा प्रशिक्षक म्हणून मला शुद्ध वेडेपणा वाटतो. माझ्या विद्यार्थ्याने केलं असतं तर मी त्याला आधी जवळ घेतलं असतं आणि मग झापलं असतं.

दारं

रस्ता बडीने सोडवला. पुढची अडचण तिच्या हातातली नव्हती. आगगाडीत कंडक्टर म्हणायचा, कुत्रं सामानाच्या डब्यात. हॉटेल म्हणायचं, कुत्रं बाहेर. म्हणजे चालता येऊ लागलं आणि आत जाता येईना. यावर मॉरिसने जे केलं ते त्याच्या विमाविक्रीच्या अनुभवातूनच आलं : पुन्हा पुन्हा जायचं, गोड बोलायचं, बडीला टेबलाखाली निमूट बसवून दाखवायचं, नकार मिळाला की पुढच्या आठवड्यात परत यायचं. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या रेल्वे कंपन्यांनी मार्गदर्शक कुत्र्यांना मालकाबरोबर प्रवासाची मुभा दिली होती. सार्वजनिक ठिकाणी त्यांना प्रवेश देणारे कायदे सगळ्या राज्यांत व्हायला १९५६ साल उजाडलं. वेस्ट स्ट्रीटची ती तीन मिनिटं आणि ही अठ्ठावीस वर्षं, दोन्ही शेजारी ठेवून बघावीत.

त्याने पत्रातला सौदाही पाळला. २९ जानेवारी १९२९ ला नॅशव्हिलमध्ये ‘द सीईंग आय’ ही संस्था नोंदली गेली. पहिल्या तुकडीत दोनच विद्यार्थी होते. नॅशव्हिलचा उन्हाळा कुत्र्यांना झेपेना म्हणून पुढे संस्था न्यू जर्सीत हलवली, आज ती मॉरिसटाउनला आहे. फीबद्दलचा त्यांचा आग्रह मला महत्त्वाचा वाटतो. पहिल्या कुत्र्याला १५० डॉलर, पुढच्या प्रत्येकाला ५०, युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकाला एक डॉलर. खरा खर्च याच्या कैकपट. रक्कम अनेक दशकं तीच राहिली, हप्त्याहप्त्याने दिली तरी चाले. पण फुकट नाही. कुत्रा दान म्हणून मिळाला असं घेणाऱ्याला वाटू नये, यासाठी. आपल्याकडे काठीवाटपाचे कार्यक्रम होतात, स्टेजवर फोटो निघतात, काठी गुंडाळून कपाटावर जाते. शंभर रुपये घेऊन दिली असती तर ती बाहेर निघाली असती असं माझं मत आहे. संस्थेत हे बोलले तेव्हा लोकांनी माझ्याकडे बरंच वाईट नजरेने पाहिलं.

आपल्या फुटपाथवर

आता अवघड भाग. हे प्रकरण ऐकून दरवर्षी एक तरी जण उत्साहाने म्हणतो, आपणही कुत्रे आणूया. मी त्याला खिडकीशी नेते. आमच्या संस्थेसमोर फुटपाथवर पिवळ्या, उंचवट्याच्या टाइल्स बसवल्या आहेत, दृष्टिहीनांसाठी. त्या पट्टीवरून सरळ चालत गेलं की माणूस विजेच्या डीपीवर जाऊन आदळतो. डीपी आधीची, टाइल्स नंतरच्या, बसवणाऱ्याने त्या डीपीच्या पायापर्यंत नेटक्या नेल्या आणि पलीकडून पुन्हा सुरू केल्या.

डीपीला कुत्रा वळसा घालेल. पण बडीचं अर्धं काम फुटपाथच्या कडेवर उभं होतं. कड आली की थांब. जिथे कडच नाही, फुटपाथ कुठे संपला आणि रस्ता कुठे लागला हे डोळसालाही सांगता येत नाही, तिथे कुत्र्याने थांबावं कशाशी? दुसरं, प्रत्येक गल्लीत भटक्या कुत्र्यांची आपापली टोळी असते. साज घातलेला, भुंकायचं नाही असं शिकवलेला परका कुत्रा त्यांच्या हद्दीतून रोज दोनदा जाणार, ही कल्पना करून बघा. तिसरं, लॅब्रॅडॉर असो की अल्सेशियन, मे महिन्यात दुपारी एकच्या डांबरावर त्याचे पंजे भाजतात. नॅशव्हिलचं ऊन झेपलं नाही म्हणून ज्यांनी राज्य बदललं त्यांना नागपूर दाखवायला हवं.

म्हणून आमच्याकडे काठी. काठी स्वस्त, आजारी पडत नाही, लोकलच्या गर्दीत घडी करून काखेत धरता येते. मुंबईत फलाटावर अपंगांच्या डब्याजवळ तो बीप-बीप आवाज येतो ना, त्याच्या रोखाने माझे विद्यार्थी काठी टेकत असे सटासट जातात की मागून मला धावावं लागतं. मात्र काठी अडथळा सापडल्यावर सांगते आणि कुत्रा तो सापडूच देत नाही. आणि कमरेच्या वरचं, म्हणजे टपरीचा पत्रा, ट्रकच्या मागे निघालेली सळी, हे काठीला कळतच नाही. आमच्या मुलांच्या कपाळांवर त्याच्या खुणा आहेत. कुत्र्याची बरोबरी काठी करते असं मी कुणाला सांगत नाही.

प्रकरण मांडायचं ते कुत्र्यासाठी नव्हेच मग. बाईंनी आणि हम्फ्रीने पाच आठवड्यांत त्या पोराला जे सोडून दिलं, न्हाव्याकडे एकटं जा म्हणाले, खांब येत असताना गप्प राहिले, ते आपल्याला जमतं का, यासाठी.

बडीनंतर

२३ मे १९३८ ला बडी गेली. दहा वर्षं ती त्याच्या डाव्या हाताला होती. कुत्र्याचं आयुष्य माणसाच्या मानाने तोकडं, त्यामुळे या पद्धतीत हे दुःख ठरलेलंच असतं, आणि केवळ दुःखच नाही, नव्या कुत्र्याबरोबर शिकणंही पुन्हा पहिल्यापासून. चाल वेगळी, ओढ वेगळी, दांड्यातून येणारी खूण वेगळी. मॉरिस १९८० पर्यंत जगला. त्याने पुढच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव बडीच ठेवलं. मॉरिसटाउनच्या चौकात त्याचा आणि पहिल्या बडीचा पुतळा आहे, हात पुढे केलेला, ‘फॉरवर्ड’ म्हणताना करतात तसा.

यंदा हे प्रकरण ऐकायला आमचा एक विद्यार्थीही मागे येऊन बसला होता, तोच रिक्षातला. सगळं संपल्यावर त्याने विचारलं, “मॅम, दुसरी बडी आली तेव्हा पहिल्या दिवशी हा खांबावर आपटला असेल ना?”

“बहुतेक.”

“आणि चूक कुणाची?”

“त्याचीच असणार.”

तो खूश होऊन हसला, काठी उघडली आणि चहाला निघाला.